आधी तारापूर विचार

तू काल रात्री साडेअकराला पाठवलेल्या अकरा लिंका आज सकाळी चहा घेता घेता बघितल्या. दहा उघडल्या, अकरावीचं शेवटी सांगते. नववीला ‘आपला जिल्हा’ हा प्रकल्प दिलास, छान केलंस. पण खाली लिहिलंयस ना, “ताई, यातल्या चांगल्या कुठल्या तेवढं सांग, मुलांना उद्याच देऊन टाकते,” ते वाचून मला हसू आलं. अगं छोटे, आई तुला पापलेट आणायला पाठवायची तेव्हा तू कोळणीला विचारायचीस का, की मावशी, यातलं ताजं कुठलं? ती काय सांगणार! तू कल्ल्यापाशी दाबून बघायचीस. पांढरं पाणी आलं तर घ्यायचं, लालसर आलं तर पुढची टोपली.

साइटलाही अशी दाबून बघायची जागा असते, आणि ती शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. भूगोलाची, सामान्यज्ञानाची, स्पर्धा परीक्षेची एक मराठी साइट मला दाखव, जिच्यावर तारापूर नाही. आणि तारापूर म्हणजे तर आपल्याला बोईसर स्टेशनबाहेर रिक्षात बसलं की आलंच. म्हणून नवी साइट हाती आली की मी आधी तिच्यावरचं तारापूर काढते. मला जे पक्कं ठाऊक आहे तिथे ती खरी उतरली, तर जे ठाऊक नाही त्याबद्दल तिचं ऐकायला बसते. उलट्या क्रमाने कधी जात नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही बरं का. २०१६ ची गोष्ट. एका साइटवरून मी दहावीसाठी सरावपत्रिका उतरवून घेतली, झेरॉक्स काढल्या, वाटल्या. तिच्यात तारापूरवर चार ओळी होत्या. तारापूर, जिल्हा ठाणे. पहिल्या दोन अणुभट्ट्या प्रत्येकी २१० मेगावॅटच्या. भारतातली पहिली अणुभट्टी इथली. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे वडील तारापूरच्या अणुकेंद्रात कंत्राटी कामाला जायचे. म्हणाली, “बाई, पप्पा १६० सांगतात.” आणि मी काय उत्तर दिलं असेल? “अगं, वेबसाइटवर आहे.” आजही आठवलं की कान गरम होतात. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांनी चिठ्ठी पाठवली. आधी २१० ची होती, नंतर क्षमता उतरवून १६० केली, म्हणजे बाईही चुकलेल्या नाहीत, असं त्यांनी लिहिलं होतं. केवढा मोठा माणूस! मला वाचवायला त्यांनी जागा ठेवली.

त्या संध्याकाळी मी ती पत्रिका पुन्हा नीट वाचली. चार ओळींत तीन दुखणी, आणि तिन्ही वेगवेगळी. ‘जिल्हा ठाणे’ म्हणजे लिहिणाऱ्याचं घड्याळ १ ऑगस्ट २०१४ च्या आधीच बंद पडलेलं. त्या दिवशी पालघर राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला. मग ज्या साइटवर अजूनही पस्तीस जिल्हे आहेत, तिच्यावरचे मंत्री, योजना, अभ्यासक्रम तरी ताजे कशावरून? २१० हा आकडा जुन्या पुस्तकातून उचललेला. आणि ‘पहिली अणुभट्टी’ ही तर समजच नसल्याची खूण. पहिली अणुभट्टी ट्रॉम्बेची ‘अप्सरा’, ४ ऑगस्ट १९५६ ची. तारापूर हे पहिलं अणुविद्युत केंद्र. अप्सरा संशोधनासाठी होती, विजेसाठी नव्हती. दोन्हींतला फरक ज्याला कळलेला नाही, त्याच्याकडून विज्ञान कसं शिकायचं?

तुझ्या अकरांतली पहिली लिंक अशीच आहे, ती काढून टाक. तिच्यावर गंमत अशी की एकूण क्षमता १४०० मेगावॅट बरोबर दिलीय, आणि वर मात्र २१० च्या दोन आणि ५४० च्या दोन. कर बघू बेरीज. पंधराशे होते ना? १६० धरल्या तर चौदाशे जमतं. एकाच पानावरचे दोन आकडे एकमेकांना ओळखत नाहीत, म्हणजे ते दोन ठिकाणांहून आणून शेजारी बसवलेत. हे मुलांना करायला दे. त्यांना बाईंची चूक काढायला आवडतं, साइटची काढायला तर आणखी आवडेल.

आणखी एक मजा सांगते. तारापूरची चौथी अणुभट्टी तिसरीच्या आधी सुरू झाली. चौथी २००५ मध्ये, तिसरी २००६ मध्ये. एका साइटवाल्याला हे बघून वाटलं असावं की छपाईची चूक आहे, त्याने साल बदलून क्रम सरळ केला! जिथे खरी गोष्ट वाकडी असते तिथे कोण ती तशीच वाकडी ठेवतो ते बघ. त्याने निदान मूळ कागद पाहिलेला असतो.

पण फरक दिसला की लगेच फुली मारायची असंही नाही. तुझ्या दोन लिंकांत केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं म्हटलंय आणि एकीत १९७०. तू प्रश्नचिन्ह टाकलंयस. दोन्ही चालतील. ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीज द्यायला सुरुवात झाली, जानेवारी १९७० मध्ये इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केलं. चांगली साइट कुठलं साल कशाचं ते सांगते. नुसतं ‘स्थापना १९७०’ लिहून मोकळी होणारीला मी निम्मेच गुण देईन.

आठवी लिंक विश्वकोशाची आहे. ती बघून तू लिहिलंयस, “यावर तर पालघर तालुका ठाण्यात दाखवलाय, मग हीपण बाद?” अजिबात नाही! अगं, वाईला बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्याची उभारणी केली, ज्याचा पहिला खंड १९७६ ला आला, त्या ग्रंथातली ठाणे जिल्ह्याची नोंद २०१४ चा जिल्हा कुठून दाखवणार? ती नोंद लिहिली तेव्हा तेच खरं होतं. आजीचं गणित बघ, ते अजून आण्यात चालतं, पण चुकत नाही. मुलांना विश्वकोश जरूर दे, फक्त नोंद कुठल्या काळातली ते आधी विचारायला लाव. लोकसंख्येचंही तसंच आहे. सगळीकडे आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २९ लाख ९० हजार दिलेली असते. २०११ मध्ये जिल्हाच नव्हता, मग मोजली कोणी? आठ तालुक्यांची बेरीज आहे ती. नववीच्या पोरांना हे कोडं घाल, तास कसा जाईल कळणार नाही.

आता दुसरी, पाचवी आणि सहावी. वारली चित्रकला. तू म्हणतेस तिन्हींवर इसवी सनापूर्वी २५०० ते ३००० वर्षं असं दिलंय, तिन्हींत जुळतंय, म्हणजे पक्कं. छोटे, चिंचणीकडे डायमेकिंगवाल्यांकडे आपण लहानपणी जायचो ना? एका डायवरून किती दागिने ठोकतात? शंभर दागिने सारखे निघाले म्हणून कोणी म्हणतं का, की शंभर सोनारांना एकच नक्षी सुचली? या तीन पानांवरची वाक्यं ओळीने वाच. ‘आदिवासी’नंतरचा स्वल्पविरामसुद्धा तिन्हींत एकाच जागी आहे. माग काढत मागे गेलीस तर बरीचशी वाट यशोधरा दालमिया यांच्या ‘द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज’ या १९८८ च्या पुस्तकापाशी पोचते. तिथे तो एका अभ्यासक बाईंचा दावा आहे, त्यांच्या नावासकट. नेटवर येता येता त्यांचं नाव गळलं आणि दाव्याचा इतिहास झाला. तीन साक्षीदार मोजायचे असतील तर तिघं एकमेकांचं ऐकून आलेले नसावेत.

वारलीसाठी आपल्याकडे दाबून बघायची दुसरी जागाही आहे. लग्नाचा चौक कोण लिहितं हे विचार. सवासिनी लिहितात. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, मध्ये पालघाट देवी. हे ज्या पानावर आहे त्याला थोडं तरी कळतं. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नविधीबाहेर रोजच्या रोज चितारायला सुरुवात केली, म्हणून त्यांचं नाव झालं, २०११ ला पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. काही पानांवर ते अजून ‘राहतात’ आणि ‘काढतात’. असं वर्तमानकाळात राहिलेलं माणूस दिसलं की समजायचं, इथे कोणी झाडू मारायला येत नाही.

तू विचारलंस, पत्त्यावरून काही कळतं का? कळतं, पण अर्धंच. डॉट जीओव्ही डॉट इन फक्त सरकारला मिळतं. डॉट एसी डॉट इन शिक्षणसंस्थांना. नुसतं डॉट इन किंवा डॉट ओआरजी पैसे भरून कोणीही घेतं, तू आणि मीसुद्धा. आता यात मेख बघ. आपल्या बालभारतीची साइट नुसत्या डॉट इनवर आहे. दहावी-बारावीच्या बोर्डाचीही तशीच. म्हणून ‘जीओव्ही नाही म्हणजे खोटी’ असं मुलांच्या डोक्यात भरवू नकोस. आणि ते पूर्वी पत्त्यापाशी दिसायचं ना कुलूप, त्याचा अर्थ एवढाच की वाटेत कोणी चिठ्ठी फोडून वाचणार नाही. चिठ्ठी लिहिणारा प्रामाणिक आहे का हे कुलपाला काय माहीत! तिसरी लिंक जिल्हा प्रशासनाची, ती ठेव.

पत्त्यापेक्षा मी हे बघते, की सांगणाऱ्याला काय विकायचंय. तुझी सातवी लिंक उघडल्याबरोबर वर निळं आभाळ, खाली ‘निसर्गरम्य बोईसर, शुद्ध हवा’. खाली सरकवत गेले तर वन बीएचके. बरं, त्यावरचा भूगोल चुकीचा नाही, स्टेशनं ओळीने दिलीत, उमरोळीसुद्धा विसरलेलं नाही. पण हवेचं त्यांना कसं विचारायचं? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांनी देशात सगळ्यांत वर होतं. हे त्या निळ्या आभाळाखाली कुठेच नाही. मुलांना ही दोन पानं शेजारी शेजारी दे आणि गप्प बस. तीच बोलतील. निम्म्यांचे आईवडील एमआयडीसीतच जातात.

आपल्याला आवडणाऱ्या बाजूलाही हाच नियम लावायचा हं. अणुकेंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या साइटवर मेगावॅट अचूक मिळतील. पण तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, त्या घरांत काय झालं ते विचारायला त्या साइटवर जाऊ नये. प्रत्येकाकडे त्याच्या वाटणीचंच असतं.

अमेरिकेत स्टॅनफर्डला सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या दोघांनी याचा अभ्यास केला होता, २०१७ च्या सुमाराचा. दहा इतिहासाचे पंडित, दहा बातम्या तपासणारे आणि पंचवीस विद्यार्थी, सगळ्यांना सारखीच पानं दिली. त्यांत बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्था होत्या, नावं जवळजवळ सारखी, एक जुनी आणि मोठी, दुसरी तिच्यातून फुटून निघालेली छोटी. विद्यार्थी आणि पंडित पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत बसले, रचना बघितली, संदर्भांची यादी बघितली, आणि त्यांतले बरेच फसले. बातम्या तपासणाऱ्यांनी पान धड वाचलंही नाही. लगेच बाजूला दुसरी टॅब उघडून ‘ही संस्था कोण’ ते शोधलं आणि मिनिटा-दोन मिनिटांत निकाल लावला. आपण मात्र मुलांना ‘नीट लक्ष देऊन वाचा’ एवढंच सांगतो! स्थळ आलं तर आपण मुलाच्या घरी बसून त्याचीच तारीफ ऐकतो का? शेजारी, किराणावाला, त्याच्या ऑफिसातलं कोणीतरी, असं बाहेर विचारतो. इथेही बाहेर विचारायचं.

चौथी लिंक विकिपीडियाची. शिक्षकखोलीत कोणीतरी नाक मुरडेल, तू मुरडू नकोस. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, काही लेख सुरेख आहेत, काही दोन ओळींचे. मुलांना वरचा ‘इतिहास’ उघडून दाखव, कोणी कधी काय बदललं ते दिसतं. खालचे ‘संदर्भ’ दाखव. संदर्भ नसलेलं वाक्य वहीत उतरवायचं नाही, एवढा एकच नियम कर. मग तो लेख उत्तराचा कागद राहत नाही, दाराची पाटी होते.

आता एक जरा गंभीर. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे, धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के बसायला लागले, तेव्हा वर्गात रोज एक नवीन पान यायचं. अमुक तारखेला रात्री इतक्या वाजता मोठा धक्का. पोरं दप्तर छातीशी धरून बसायची. मी फळ्यावर लिहिलं होतं: भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगणारं पान, कोणाचंही असो, खोटं. ते जगात कोणालाच सांगता येत नाही. धक्का बसून गेल्यावर किती होता ते राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या साइटवर बघायचं. आणि एप्रिल २०२० मध्ये गडचिंचल्यात काय झालं ते तुला सांगायला नको. चोर फिरताहेत अशा अफवा आधी, मग तीन माणसांचा जीव. म्हणून मी हा विषय संगणकाच्या तासाला ठेवत नाही, मराठीच्या तासालाही घेते.

बरोबर असणं झालं. पण बरोबर असलेलं सगळंच वर्गात चालतं असं नाही, आणि इथे तुम्ही नव्या मुली फार घाई करता. नववी लिंक. ‘तारापूर येथील अणुऊर्जा वनस्पती समुद्रकिनारी आहे.’ वाचलंस का? वनस्पती! यंत्राने इंग्रजीतून उचललं आणि कोणी माणसाने नजरसुद्धा टाकली नाही. आकडे सगळे ठीक आहेत, पण ते वाचून एखादं पोर त्या वनस्पतीला पाणी घालेल. तुझ्या वर्गात वारली बोलणाऱ्या घरांतली मुलं आहेत, एमआयडीसीत आलेल्या हिंदीवाल्यांची आहेत, गुजरातीही असतील. त्यांच्यासाठी आधीच पुस्तकाचं मराठी ही दुसरी भाषा. दहावीच्या ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ या धड्यात विखंडनाला एक शब्द आहे आणि साइटवर त्याच गोष्टीला दुसराच, तर पोराला वाटतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून शब्द पुस्तकाशी जुळवून बघ. आणि बोर्ड बघ, आणि साल बघ. दहावीची आपली पुस्तकं २०१८ ला बदलली, जुन्यांची उत्तरं अजून नेटवर रुबाबात फिरतात.

दहावी लिंक व्हिडिओची, छान आहे, पण मधेच रमीची जाहिरात. शिवाय घरात एक फोन, तो बाबांबरोबर कंपनीत, संध्याकाळी परत येतो तेव्हा दिवसाचा डेटा संपत आलेला. लिंक देण्याआधी तू ती एकदा वायफाय बंद करून, साध्या फोनवर, उमरोळीच्या आसपास गाडीत उघडून बघ. तिथे उघडली तर मुलांकडे उघडेल. आणि जी साइट आत सोडण्याआधी मुलाचा मोबाइल नंबर, जन्मतारीख मागते तिला दारातूनच परत पाठव. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची खातरजमा केलेली संमती लागते असं म्हटलंय. धडा वाचायला जन्मतारीख कशाला हवी गं?

तुला द्यायच्याच असतील तर माझ्या ठरलेल्या चार जागा आहेत. बालभारतीवर पुस्तकं फुकट उतरवता येतात, तीच पुस्तकं जाहिराती चिकटवून विकणाऱ्यांकडे जायची गरज नाही. तिथेच ‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंक आहेत. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षावर नेतो, तिथे सगळंच उत्तम नसतं, निवडून घे. विज्ञानाला कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट, त्यातले बरेच प्रयोग मराठीत आहेत आणि एकदा उतरवून ठेवले की नेटशिवाय चालतात, आपल्या शाळांना यापेक्षा काय हवं. आणि अरविंद गुप्तांची साइट. दिसायला अगदी साधी, तू बघशील तर म्हणशील ही काय! पण आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून त्यांनी जे उभं केलंय ते चकचकीत साइटवाल्यांना जमलेलं नाही. रूपावर जाऊ नकोस.

मग झालं असं, की अकरापैकी तिसरी, चौथी, आठवी ठेव. सातवी आणि नववी मुद्दाम ठेव, चुका काढायला. वारलीच्या तीनपैकी एकच ठेव, कुठलीही. बाकीच्या सोड. आणि मुलांना आयती यादी देऊ नकोस. गटाला एकेक साइट दे, म्हण आधी हिच्यावरचं तारापूर शोधा, मग ठरवा हिला किती गुण. गुणपत्रिका तेच करतील. ज्याचे पप्पा केंद्रात जातात त्याला पुढच्या बाकावर बसव.

अकरावी राहिली. नाव वाचून वाटलं ती अक्करपट्टी-पोफरणबद्दलची आहे, गाव सोडतानाच्या आठवणी वगैरे. सगळ्यांत आधी मी तीच उघडायला गेले. गोल गोल फिरत राहिली आणि मग पान सापडत नाही म्हणाली. तू उघडली होतीस का? काही उतरवून घेतलं असशील तर आजच पाठव. नसेल तर तुझ्या वर्गात त्या गावांतून उठलेल्या घरचं कोणी आहे का विचार, आणि असलं तर रविवारी त्या घरच्या आजोबांकडे जाऊ दोघी. वही तू घे, माझ्या फोनची बॅटरी टिकत नाही.